तारीख खोडली तरी आकडे बोलतात: लॅब डेटाच्या गोपनीयतेवरचा एक पेपर वाचताना

पॅथॉलॉजी, बायोकेमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजीतला कुठलाही प्रबंध उघडा आणि ‘साहित्य आणि पद्धती’ या प्रकरणाच्या शेवटाकडे जा. तिथे एक वाक्य हमखास सापडतं: ‘रुग्णांची ओळख गोपनीय ठेवण्यात आली.’ बस, पूर्णविराम. कशी ठेवली, कोणापासून ठेवली, कुठली माहिती काढली, कुठली राहू दिली, यातलं काहीच नाही. पीसीआरचं तापमान दशांशापर्यंत लिहिणारे आपण इथे मात्र एका वाक्यात मोकळे होतो.

तुमच्यापैकी बरेच जण सिनॉप्सिस लिहायच्या तयारीत असाल. हॉस्पिटलच्या लॅबमधून जुने रिपोर्ट घेऊन त्यावर काम करायचा विचार असेल, तर आजचा पेपर तुमच्यासाठी आहे. जेम्स सिमिनो यांचा हा पेपर २०१२ साली ‘अप्लाइड क्लिनिकल इन्फॉर्मेटिक्स’ या जर्नलमध्ये आला. नाव ‘द फॉल्स सिक्युरिटी ऑफ ब्लाइंड डेट्स’, म्हणजे तारखा झाकून मिळणारी खोटी सुरक्षितता. पेपर छोटा आहे आणि गणित फारसं नाही. पण त्यातला प्रश्न असा आहे की तो वाचल्यावर वरचं ते एका ओळीचं वाक्य लिहिताना हात जरा थांबावा.

माझं मत आधीच सांगून टाकते. पेपरचा निष्कर्ष मला पटतो, पण त्याने सुचवलेला उपाय आपल्याकडे जसाच्या तसा चालेल असं मला वाटत नाही. का, ते पुढे बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी

नाव काढलं की ओळख गेली, हा समज मोडून बरीच वर्षं झाली. १९९७ मध्ये लतान्या स्वीनी या तेव्हाच्या विद्यार्थिनीने अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांचा नावं काढलेला हॉस्पिटल डेटा आणि मतदार यादी शेजारी शेजारी ठेवली. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावरून तिने खुद्द राज्याच्या गव्हर्नरांची नोंद शोधून काढली. जी माहिती एकेकटी निरुपद्रवी वाटते, ती एकत्र आली की नावाचं काम करते, हा धडा तिथून मिळाला.

त्यानंतर अमेरिकेतल्या हिपा कायद्याखालच्या नियमांत १८ प्रकारच्या ओळखखुणांची यादी आली. त्या काढल्या की डेटा ‘ओळख काढलेला’ मानायचा. या यादीत तारखाही आहेत. वर्ष ठेवता येतं, दिवस आणि महिना नाही. म्हणून संशोधनासाठी डेटा देताना तारखा खोडणं किंवा पुढेमागे सरकवणं ही रीतच पडली.

याची किंमत संशोधकाला मोजावी लागते. क्रिएटिनिन तीन दिवसांत १ वरून ३ वर गेलं की तीन वर्षांत, यावर निदानच बदलतं. तारखा गेल्या तर हा फरक दिसणार कसा? सिमिनो यांचा प्रश्न अगदी साधा आहे: एवढी किंमत मोजून बदल्यात गोपनीयता खरंच मिळते का?

पेपरने काय केलं

सिमिनो यांच्यापुढे अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थचा, म्हणजे एनआयएचचा, स्वतःचा संशोधन-डेटा साठा होता. त्यातून त्यांनी ५९ लाख लॅब पॅनेलचे निकाल घेतले. पॅनेल म्हणजे एकाच नमुन्यावर एकत्र केलेल्या चाचण्यांचा संच. आपल्याकडे आरएफटी, एलएफटी म्हणतो, तेच. त्यातून यादृच्छिक पद्धतीने २०,००० पॅनेल निवडली आणि तपासलं की हे आकडे मोठ्या साठ्यात आणखी किती ठिकाणी तसेच्या तसे सापडतात.

निकाल असा आला. एकच चाचणी असेल, तर तारीख काढल्याने ओळख पटवणं अवघड होतं. साहजिक आहे. ‘सोडियम १३९’ हे लाखो लोकांचं असतं. पण पूर्ण पॅनेल हातात असेल, तर तारीख काढल्याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही. आकड्यांचा तो संच स्वतःच बोटाच्या ठशासारखा वागतो.

हे का होतं, ते आपण आपल्या नेहमीच्या रिपोर्टवर करून बघू. किडनी फंक्शनचा साधा रिपोर्ट घ्या. सगळे निकाल नॉर्मल आहेत असं धरा (नॉर्मल मर्यादा लॅबनुसार थोड्या बदलतात). यूरिया १५ ते ४०, म्हणजे २६ शक्यता. क्रिएटिनिन ०.६ ते १.२, म्हणजे ७. युरिक ॲसिड ३.५ ते ७.२, म्हणजे ३८. सोडियम १३५ ते १४५, म्हणजे ११. पोटॅशियम ३.५ ते ५.१, म्हणजे १७. क्लोराईड ९८ ते १०७, म्हणजे १०. यांचा गुणाकार केला की येतात १ कोटी २९ लाखांहून जास्त जोड्या. तेही फक्त ‘नॉर्मल’ माणसांत!

अर्थात हे गणित ढोबळ आहे. सगळ्या जोड्या सारख्या प्रमाणात येत नाहीत. निकाल मधल्या आकड्यांभोवती गोळा होतात, शिवाय सोडियम आणि क्लोराईड बरेचदा हातात हात घालून चालतात. त्यामुळे प्रत्यक्षात शक्यता कमी असतात. पण उलट बाजूही बघा. माणूस आजारी असला की आकडे नॉर्मलच्या बाहेर पसरतात आणि संच जास्तच वेगळा पडतो. यूरिया १६८, क्रिएटिनिन ७.४, पोटॅशियम ६.१ असे आकडे एका तालुक्याच्या लॅबमध्ये एका महिन्यात किती जणांचे येतील? म्हणजे ज्याला गोपनीयतेची जास्त गरज, तोच सहज ओळखू येणार.

पेपरची ताकद

पहिली गोष्ट, प्रश्न नेमका आहे. ‘गोपनीयता महत्त्वाची आहे’ असं निबंधछाप काही नाही. एक विशिष्ट उपाय काम करतो का, एवढंच विचारलं आहे आणि त्याचं मोजमाप केलं आहे. पीएचडीला विषय निवडताना हे लक्षात ठेवा. ‘लॅबमधील गोपनीयता: एक अभ्यास’ हा विषय होत नाही. ‘तारीख काढल्याने पॅनेलची ओळख लपते का?’ हा होतो.

दुसरी गोष्ट, उत्तर गैरसोयीचं असूनही ते स्पष्टपणे मांडलं आहे. या अभ्यासानंतर एनआयएचने तारखा काढण्यावर विसंबण्याऐवजी धोरणात्मक उपायांवर, म्हणजे डेटा वापराच्या कडक करारांवर, भर द्यायचं ठरवलं, असं पेपरमध्येच नोंदवलेलं आहे. शोधनिबंधामुळे संस्थेचं वागणं बदलल्याची उदाहरणं तशी कमीच असतात.

मला खटकलेल्या जागा

आता टीका. आरपीईच्या कोर्सवर्कमध्ये पेपरचं समीक्षण करायला सांगतात, तेव्हा बहुतेक जण ‘नमुना संख्या कमी आहे’ लिहून थांबतात. इथे ते चालणारच नाही, ५९ लाख पॅनेल आहेत! मग कुठे बघायचं? ओळख पटण्याबद्दलचा कुठलाही पेपर वाचताना चार प्रश्न विचारायचे: शोधणारा कोण आहे? त्याला आधीपासून काय माहीत आहे? तो ज्याला शोधतोय ती व्यक्ती त्या डेटात आहे हे त्याला ठाऊक आहे का? आणि सापडल्यावर त्याच्या हाती नवीन काय लागतं?

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. इथे निवडलेली २०,००० पॅनेल त्याच साठ्यातून आलेली आहेत. म्हणजे शोधणाऱ्याला जे हवंय ते तिथे आहे, हे आधीच गृहीत आहे. प्रत्यक्षात तसं नसतं. तुमच्या ओळखीच्या माणसाचा रिपोर्ट माझ्या प्रबंधाच्या डेटात आहे की नाही, हे तुम्हाला बहुधा माहीत नसतं. आणि आकडे जुळले म्हणून तो तोच असेल असंही नाही. त्यामुळे पेपरमधली जुळणी म्हणजे प्रत्यक्षातला धोका असं समजू नका. ती धोक्याची वरची मर्यादा आहे.

आता दुसरा प्रश्न. शोधणाऱ्याच्या हाती त्या व्यक्तीचं निदान एक पूर्ण पॅनेल आधीपासून असावं लागतं. पेपरवर आक्षेप घेणारा इथेच बोट ठेवेल: दुसऱ्याचा रिपोर्ट कोणाच्या हाती कशाला असेल? आणि असलाच, तर चोरायचं राहिलं काय?

दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर सोपं आहे. हातात असतो एक साधा रिपोर्ट. त्याच्या आधाराने मिळतात त्याच व्यक्तीचे बाकीचे रिपोर्ट: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, व्हीडीआरएल, गरोदरपणाची चाचणी, सिकलसेलसाठीची एचपीएलसी. किडनीचा रिपोर्ट ही फक्त किल्ली. कपाट वेगळंच आहे.

पहिल्या अर्ध्याचं उत्तर मात्र अमेरिकेत एक आहे आणि आपल्याकडे दुसरं.

आपल्याकडे किल्ली दारालाच लटकलेली असते

आपल्या लॅबमधला रिपोर्ट कुठून कुठे जातो, ते बघा. कलेक्शन सेंटरच्या काउंटरवर रिपोर्टांचा गठ्ठा असतो. आपलं नाव शोधायला पुढचा माणूस तो गठ्ठा स्वतःच चाळतो. पीडीएफ व्हॉट्सॲपवर जातं, आणि तो नंबर बरेचदा पेशंटचा नसतो. मुलाचा असतो, दिराचा असतो, शेजाऱ्याचा असतो, कारण स्मार्टफोन त्यांच्याकडे आहे. मग तेच पीडीएफ ‘कुटुंब’ ग्रुपवर, ‘कोणाच्या ओळखीचे डॉक्टर आहेत का’ म्हणून पुढे. मेडिक्लेमसाठी झेरॉक्स, नोकरीच्या मेडिकलसाठी झेरॉक्स, आणि झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर डाउनलोड झालेली फाइल तशीच.

सिमिनो यांच्या पेपरमध्ये जी अट अवघड वाटते, ती आपल्याकडे आयती पूर्ण होते. आपल्याकडे एखाद्याचं एक पॅनेल हाती असणारी माणसं पाच-दहा तरी असतातच. ती परकी नसतात, त्याच गावातली, त्याच नात्यातली असतात. गोपनीयता फुटली तर ती मुख्यतः यांच्यासमोरच फुटायला नको असते. हॅकरला तुमच्या सिकलसेलच्या रिपोर्टचं काय करायचंय? सोयरीक जुळवायला आलेल्यांना असतं.

हे काल्पनिक नाही. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबई परिसरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे हजारो रिपोर्ट इंटरनेटवर उघडे पडल्याचं समोर आलं. कुठलाही पासवर्ड न लावलेले, नावासकट, आणि त्यात एचआयव्हीचेही रिपोर्ट होते. इथे तर तारीख, पॅनेल, जुळणी असलं काही करायची गरजच नव्हती.

आणि एका लॅब-निकालाने आयुष्य कसं फिरतं, हे बघायचं असेल तर १९९८ चा सर्वोच्च न्यायालयाचा ‘मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड’ हा निकाल वाचा. नातेवाइकासाठी रक्त द्यायला गेलेल्या माणसाची चाचणी झाली, तो एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाला आणि ती गोष्ट बाहेर गेली. लग्न मोडलं, समाजाने बाजूला टाकलं, राहतं शहर सोडावं लागलं. न्यायालयाने गोपनीयतेचं कर्तव्य मान्य केलं, पण ते निरपेक्ष नाही, होणाऱ्या पत्नीच्या आरोग्याचा हक्क मोठा, असं म्हटलं. निकाल पटो न पटो, पुढे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने (लागू २०१८ पासून) कोणाला, कधी आणि कशा संमतीने सांगायचं याच्या चौकटी आखल्या. आपण प्रबंधात ‘एन बरोबर २४०’ लिहितो, तेव्हा त्या २४० मध्ये अशी माणसं असतात.

मग कराराने भागेल का?

एनआयएचचा उपाय होता करार. तिथे डेटा कोणी उघडला याची नोंद राहते, करार मोडला तर संस्थेचा निधी अडकू शकतो. करारामागे जोर आहे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी करार म्हणजे विभागप्रमुखांची सही असलेलं पत्र, आणि डेटा म्हणजे पेन ड्राइव्हवर मिळालेली एक्सेल शीट. त्या शीटच्या किती कॉपी झाल्या, हे ना लॅबला माहीत, ना गाईडला. म्हणून मी म्हटलं, हा उपाय जसाच्या तसा उचलता येणार नाही. आपल्याला करारही लागेल आणि डेटा स्वतः कमी बोलका करणंही लागेल.

या दुसऱ्या बाजूवर २०१३ साली व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या गटाचा एक चांगला पेपर आला. सिमिनो यांच्या पेपरला जोडून वाचावा असा. त्यांनी ६१,२८० रुग्णांच्या ८५ लाख लॅब निकालांवर काम केलं. शोधणाऱ्याकडे एका रुग्णाचे ५ ते ७ निकाल आहेत असं धरलं आणि आकडेच थोडे हलवून बघितले. एका पद्धतीत सरसकट यादृच्छिक फरक, दुसरीत तज्ज्ञांनी ठरवलेला, वैद्यकीय अर्थ जपणारा फरक. ओळख पटण्याच्या प्रमाणात दोन्हींत विशेष अंतर नव्हतं, पण सरसकट पद्धतीत २६ टक्क्यांपर्यंत निकालांचा वैद्यकीय अर्थ बदलला, तर तज्ज्ञ पद्धतीत ४ टक्क्यांपर्यंतच. म्हणजे यंत्रासारखं आकडे हलवून चालत नाही. पोटॅशियममध्ये ०.५ चा फरक म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याने ते ठरवावं. तो माणूस लॅबमधलाच असतो, आयटीमधला नव्हे.

पण हे औषधही सगळ्यांना लागू नाही. तुमचं कामच निदानाच्या सीमारेषेवर असेल, तर हललेले आकडे तुमच्या काय उपयोगाचे? तिथे करार आणि मर्यादित प्रवेश हाच मार्ग उरतो.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

आता कामाचं. लॅबकडून शीट घेण्याआधी या जागा तपासा.

लॅब आयडीचा रकाना. ‘नाव काढलंय, फक्त आयडी ठेवलाय’ असं म्हणतात. पण तोच आयडी प्रत्येक छापील रिपोर्टवर बारकोडखाली असतो. रिपोर्ट पाहिलेल्या माणसाला तो नावाइतकाच उपयोगी. शिवाय बऱ्याच लॅबमध्ये आयडीतच तारीख दडलेली असते: २४०३१५०४७ म्हणजे १५ मार्च २०२४ चा ४७ वा नमुना. तारखेचा रकाना काढला आणि आयडी ठेवला, तर काढलं काय? स्वतःचा नवा क्रमांक द्या, आणि दोन्ही क्रमांकांची जोडयादी लॅबमध्येच राहू द्या.

सांकेतिक आणि अनामिक यांत फरक आहे. जोडयादी अस्तित्वात आहे तोवर डेटा सांकेतिक. ती कोणाकडेच नसेल आणि माग काढता येत नसेल तरच अनामिक. आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं हा भेद करतात. एथिक्स कमिटीच्या अर्जात चुकीचा शब्द लिहू नका.

लागतील तेवढेच रकाने मागा. गाव हवंय की तालुका पुरे? जन्मतारीख हवी की वयोगट? तारखेची गरज असेल तर ‘पहिल्या नमुन्यापासूनचा दिवस’ हा रकाना लॅबकडून करून घ्या, कल हातचा जात नाही. दुर्मीळ आजार अधिक छोटं गाव ही जोडी मात्र टाळाच.

शीटच्या आतलं तपासा. लपवलेले रकाने, दुसरी टॅब, फाइलचं नाव. प्रबंधात टाकलेल्या एचपीएलसी आलेखाच्या कोपऱ्यात आणि स्लाइडच्या लेबलवर नाव राहून जातं. छपाईला द्यायच्या आधी प्रत्येक चित्र मोठं करून बघा. आणि ‘इंटरेस्टिंग केस’चा रिपोर्ट निवासी डॉक्टरांच्या ग्रुपवर फिरतो, त्याचा फोटो तुमच्या प्रबंधात येता कामा नये.

नियमांचा आधार हवा असेल तर तो आहे. आयएसओ १५१८९ च्या २०२२ च्या आवृत्तीत गोपनीयतेवर स्वतंत्र कलम आहे आणि एनएबीएलची मान्यता याच मानकावर चालते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सूट आहे, पण अटींसह: त्या डेटावरून त्या व्यक्तीबद्दल कुठलाही निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेली मानकं पाळायची. ‘संशोधनाला सगळं माफ’ असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही.

या सगळ्यानंतर पद्धतीच्या प्रकरणातलं ते वाक्य साधारण असं होईल: ‘लॅबने नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख आणि लॅब आयडी काढून नवीन क्रमांकासह डेटा दिला, जोडयादी लॅबकडे राहिली, डेटा पासवर्ड असलेल्या एकाच संगणकावर ठेवला, तो संशोधक आणि मार्गदर्शक या दोघांनीच पाहिला, प्रबंध मान्य झाल्यावर तो अमुक महिन्यांनी नष्ट केला जाईल, पॅनेलच्या आकड्यांवरून ओळख पटण्याची शक्यता उरते, म्हणून मूळ निकाल परिशिष्टात दिलेले नाहीत.’ एका ओळीच्या चार-पाच ओळी झाल्या. पण यातलं प्रत्येक विधान परीक्षकाला तपासता येतं, आणि शेवटच्या विधानात आपण काय साधू शकलो नाही तेही सांगितलं आहे.

सिमिनो यांचा पेपर बारा-तेरा पानांच्या आतला आहे, एका संध्याकाळी वाचून होतो. वाचताना वरचे चार प्रश्न समासात लिहा आणि तुमच्याच विभागातल्या एखाद्या जुन्या प्रबंधाचं परिशिष्ट शेजारी उघडून ठेवा. त्यात रुग्णांचे मूळ निकाल ओळीने छापलेले असतील, तर तुमच्या सिनॉप्सिसमध्ये काय बदलायचं हे तुम्हाला तिथेच कळेल.